रेड्याशी नुरा

आमच्या गावच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लागला तेव्हा त्यात माझ्या डोक्यावर फेटा होता. मी जन्मात कधी फेटा बांधला नव्हता. वीरधवलनं तो कॉम्प्युटरवर चिकटवला होता आणि असा चिकटवला होता की माझा डावा कान गायब झाला. खाली लिहिलं होतं, 'विवर २ सर करणारी पहिली रणरागिणी राजेश्वरी हिचे हार्दिक अभिनंदन.' त्याखाली शुभेच्छुकांचे गॉगल लावलेले फोटो. त्यातल्या एकालाही विवर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं.

वीरधवल माझा चुलतभाऊ. जत्रा कमिटीत आहे, आणि कमिटीत नसता तरी माइक त्याच्याच हातात असता. यंदा जत्रेच्या कुस्ती मैदानात, कुस्त्या सुरू व्हायच्या आधी, माझा सत्कार करायचा असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं. विवर बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन करून मैदानाला एलईडीचा मोठा पडदा आणि शेवटच्या कुस्तीसाठी चांदीची गदासुद्धा मिळवली. मला शेवटी सांगितलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला आनंदच झाला होता.

विवर हा बंदुकीचा खेळ. पहिला भाग वाईच्या जयराज नावाच्या माणसानं एकट्यानं बनवला होता. एका अंधाऱ्या भोकात उतरायचं, वाटेत सापडेल ती बंदूक उचलायची, समोर येईल त्याला गोळ्या घालायच्या आणि तळ गाठायचा. तळाशी रेडा, शिंगांनीही मारणारा आणि गोळ्याही सोडणारा. मेलं की सगळं गेलं. बंदूक गेली, गोळ्या गेल्या, आणि पुढच्या वेळी उतरावं तर भुयाराच्या वाटासुद्धा बदललेल्या. पाठांतर करून जिंकायची सोय नाही. भोकात उतरणारी एक बाई होती, म्हणून खेळणारा कुणीही असो, मेल्यावर पडद्यावर दोनच वाक्यं यायची, 'मेलीस. पुन्हा वरून.' ना सांत्वन, ना सल्ला.

मला तो खेळ का आवडतो हे लोकांना सांगून मी दमले. मी कडेगावात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. दिवसभर सगळे माझ्याशी गोड बोलतात. मॅडम हुशार आहेत, मॅडम मनमिळाऊ आहेत, मॅडमचं लग्न कधी. घरी येऊन विवर उघडलं की रेडा गोड बोलायचा नाही. तो चुकलं की मारायचा आणि नाही चुकलं तरी कधीकधी मारायचा. त्याच्या लेखी मी पोरगी नव्हते, पाहुणी नव्हते, कुणाची नात नव्हते. पहिल्या भागात मी त्याला एकदाही पाडू शकले नाही, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

मग दुसरा भाग आला. जयराजला आता पुण्याच्या कंपनीनं घेतलं होतं. चित्रं देखणी झाली, बंदुकांचा बाजार भरला, पाऊस पडायला लागला, रेड्याच्या शिंगांना सोन्याच्या शेंब्या आल्या. आणि मी त्याच आठवड्यात रेड्याला पाडलं. सगळ्यांच्या आधी. जीव जेमतेम उरलेला, शेवटची गोळी, आणि रेडा गुडघ्यावर. मी खुर्चीवरून उठून इतकी ओरडले की आजोबा, म्हणजे आमचे आबा, चप्पल न घालता बाहेरून धावत आले. त्यांना वाटलं शॉक बसला. कंपनीनं माझा तो व्हिडिओ सगळीकडे टाकला आणि तिथून तो वीरधवलच्या मोबाइलमध्ये पोचला.

इकडे खेळणाऱ्यांचं मत मात्र वेगळंच पडायला लागलं. टेलिग्रामवर आमचा एक ग्रुप आहे, 'विवरातली मंडळी'. तिथं आणि खेळाच्या पानावर रोज कुरकुर. मिरजेच्या सोनियानं लिहिलं, 'चित्रं सुंदर, बंदुका भरपूर. खेळ हरवला आहे. सापडल्यास कळवावे.' तासगावच्या पप्पूनं लिहिलं, 'पहिल्या भागात रोज मरत होतो, सुखी होतो. आता रोज जगतो आणि जांभया देतो.' कुणी गाण्यांना नावं ठेवली, कुणी पावसाला. कुणी म्हणालं बंदुका फार झाल्या, कुणी म्हणालं गोष्ट घुसडायला नको होती. मेल्यावर आता 'छान प्रयत्न! थोडक्यात हुकलं!' असं येतं, त्यावर तर एकानं पानभर शिव्या लिहिल्या होत्या. काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांना कळत होतं, पण नेमकं काय ते एकालाही सांगता येत नव्हतं.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी पहिली आले म्हणून हे जळतात, असं मी सरळ धरून चालले. एका रविवारी दुपारी मी उत्तर लिहायला बसले. 'ज्यांना खेळता येत नाही त्यांनी पावसाला दोष देऊ नये,' अशी झणझणीत सुरुवात केली. पुराव्याला माझाच व्हिडिओ लावायचा, म्हणून तो हळू करून बघायला घेतला. बघा म्हणावं, कसं खेळतात ते.

आणि मला ते दिसलं.

माझा जीव, म्हणजे पडद्यावरची जिवाची पट्टी, तळाला गेली, तिथून पुढं रेड्याची एकही गोळी मला लागत नव्हती. मी उजवीकडं पळतेय, गोळी डावीकडं. मी भिंतीला अडकलेय, हलायला जागा नाही, आणि रेडा क्षणभर थांबून दुसरीकडं मान वळवतोय. मी तो तुकडा पुन्हा बघितला, पुन्हा बघितला.

हे मी आधी कुठं पाहिलं होतं ते मला लगेच आठवलं. आबा, म्हणजे हंबीरराव, आमच्या भागातल्या कुस्ती मैदानांवर पंच. लहानपणी मी त्यांचं बोट धरून मैदानात जायची. पोरीला कशाला आणलं, असं लोक विचारायचे आणि आबा ऐकू न आल्यासारखं करायचे. दोन पैलवान आधीच ठरवून लढतात आणि इनाम वाटून घेतात, तिला नुरा कुस्ती म्हणतात. ती ओळखायला फार अक्कल लागत नाही. पकड घट्ट दिसते, पण बोटं सैल असतात. पडणारा पडायच्या आधी कुठं पडायचं ती जागा बघून घेतो. अशी जोड दिसली की आबा मधे शिरून दोघांना दंडाला धरून मैदानाबाहेर काढायचे. एकदा तर सख्ख्या भाच्याला काढलं होतं. त्याची आई, म्हणजे आबांची बहीण, अजून आमच्याकडं जेवत नाही.

तरी मी खात्री करून घेतली. पुन्हा खेळले, रेड्यापर्यंत गेले, मार खाल्ला, आणि जीव तळाला गेल्यावर कंट्रोलर टेबलावर ठेवून दिला. उठून चहा टाकला. आलं ठेचलं, गाळला, कप घेऊन परत आले. मी तशीच मधोमध उभी होते आणि रेडा माझ्या चहूबाजूंनी इमानेइतबारे जमीन फोडत होता.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ती अशी. मी इतके महिने त्याच्या हातून मेले ते काय याच्यासाठी? मी ओरडले होते, आबा अनवाणी धावत आले होते, स्टँडवर माझा कान कापलेला फोटो लागला होता, आणि हा रेडा मुद्दाम पडत होता. मी झणझणीत उत्तर पुसलं आणि तिथंच नवं लिहिलं, 'मी रेड्याला पाडलेलं नाही. तो पडला. ही नुरा कुस्ती आहे. खोटं वाटत असेल त्यानं जीव कमी झाल्यावर हात सोडून बसावं.'

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर नुसता कल्लोळ. सोनियानं हात सोडून भाजी चिरली, पप्पू म्हशीला पाणी दाखवून आला. कोणीच मेलं नाही. कंपनीचं उत्तर आलं, अगदी सोज्वळ. 'या सुविधेचं नाव साथ असं आहे. खेळाडूंवरच्या आपुलकीतून आम्ही ती दिली आहे.' आपुलकी! मला न विचारता, मला न सांगता, माझ्या नावावर जिंकणारी आपुलकी. असली आपुलकी मला क्लासमध्ये पोटभर मिळते.

वीरधवल तणतणत घरी आला. "राजे, डोकं फिरलंय का तुजं? गदा त्यांनी दिलीय. पडदा त्यांचा हाय. तो जयराज स्वतः येनार हाय. आन् तू त्यांच्याच खेळाला शिव्या घालतीस?"

"मी सत्कार घेनार न्हाई."

"फ्लेक्स लागलाय!"

"काढ."

तो आबांकडं वळला. आबा सोप्यात बसून सुपारी कातरत होते. मला वाटलं आबा आता त्याला झाडतील. ज्या माणसानं सख्खा भाचा मैदानाबाहेर काढला, तो दुसरं काय बोलणार?

"घे की सत्कार," आबा म्हणाले.

मी उसळले. "आबा, नुरा हाय ती!"

"आगं, खेळ हाय तो. डब्यातला. त्याला काय पंच हाय का इनाम हाय? मैदानात आजवर पोरीला कुनी बोलवून फेटा बांधला न्हाई. तुला बोलवत्यात. घे, आन् गप बस."

"तुमी भाच्याला का काढलं मग?"

"त्यो पैलवान व्हता."

"मग मी कोन हाय?"

आबांचा अडकित्ता थांबला. मग त्यांनी पुढची सुपारी उचलली. मला त्यांचा फार राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. त्यांना माझं कौतुक बघायचं होतं, एवढंच. पण माझं जे कौतुक व्हायचं ते मीच मिळवलेलं हवं होतं, आणि हे साधं म्हणणं घरात कुणाला समजत नव्हतं. मी वीरधवलला सांगितलं, "येते मी मैदानात. पन रेड्याबरूबर सगळ्यांम्होरं खेळनार. मोठ्या पडद्यावर." तो खूश झाला. त्याला वाटलं मी वळणावर आले.

जत्रेच्या दिवशी ऊन उतरायला लागलं तसं मैदान भरलं. तांबडी माती पाणी मारून, ताक-तेल घालून मऊ केलेली. हलगी सुरू झाली होती. मैदानाच्या एका अंगाला ट्रकवर तो पडदा आणि त्याच्या पुढं एका टेबलावर सगळी जोडणी. आबा पंचाच्या पांढऱ्या पोशाखात आखाड्याच्या कडेला उभे. वीरधवलच्या हातात माइक आणि दुसऱ्या हातावर केशरी फेटा, या वेळी खरा.

जयराज माझ्या अंदाजापेक्षा साधा निघाला. बारीक, चष्मा, पाठीला सॅक. "पहिल्या भागात तुम्ही खूप खेळलात ना," तो म्हणाला, "तुमचं नाव मला तेव्हापासून माहीत आहे." मी म्हणाले, "मग असं का केलं?" तो काही बोलणार तोच हलगी वाढली आणि वीरधवलनं माझं नाव पुकारलं.

सत्कारासाठी त्यांनी खेळ थेट तळापासून लावून ठेवला होता. समोर रेडा. एवढ्या मोठ्या पडद्यावर मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. तो खुरानं माती उकरायला लागला तशी पुढची पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी खेळले, मनापासून खेळले, पण मुद्दाम मार खात गेले. माझ्या जिवाची पट्टी कमी होत होत लाल झाली. "आता बगा मंडळी!" वीरधवल माइकमध्ये गरजला. "आता आपली वाघीन..."

मी कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात वर केले.

पहिल्यांदा लोक हसले. त्यांना वाटलं हाही एक डाव. रेडा धावून आला आणि माझ्या शेजारून निघून गेला. त्यानं गोळ्या सोडल्या त्या माझ्या डाव्या बाजूला, मग उजव्या बाजूला. मी पडद्याकडं पाठ केली आणि लोकांकडं तोंड करून उभी राहिले, हात वरच. शिट्ट्या थांबल्या. हलगीवाल्यानंही हात आवरता घेतला. या लोकांनी हयातभर कुस्त्या बघितल्या आहेत. खेळ कुठला, बंदूक कसली, हे त्यांना समजायची गरज नव्हती. समोरचा मारत नाहीये, मारल्यासारखं करतोय, एवढं त्यांना लांबून दिसत होतं.

पलीकडच्या अंगानं एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "नुरा हाय!"

मग सगळं मैदान ओरडायला लागलं. "नुरा! नुरा! उठवा जोड!" वीरधवलनं दोनदा माइकमध्ये शांत राहा म्हटलं, त्याचं कुणी ऐकलं नाही. मी आबांकडं बघितलं. ते आखाड्याच्या कडेनं चालत आले, टेबलापाशी उभे राहिले आणि मान वर करून पडद्याकडं बघत राहिले. रेडा अजून इमानदारीत माती फोडत होता. आबांनी वीरधवलच्या हातातून माइक घेतला.

"निकाल न्हाई," ते म्हणाले. "जोड भाईर."

जयराजचा चेहरा लाल झाला होता. तो माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात बोलायला लागला, पण माइक आबांच्या हातात चालूच होता आणि त्याचं बोलणं अर्ध्या मैदानाला ऐकू गेलं. "पहिल्या भागात बहुतेक लोक अर्ध्या वाटेत सोडून गेले. माझी आई कधी पहिल्या वळणाच्या पुढं गेली नाही. आता ती तळापर्यंत गेली. तिला इतका आनंद झाला. तो मी काढून घेऊ?"

ते खरं होतं, आणि मला तो माणूस एकदम वाईट वाटेनासा झाला. पण माझा राग काही गेला नाही.

"आईला सांगितलंत का, की रेडा सोडतोय म्हनून?"

त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला.

"सोपं करा की. दारावर सोपं म्हनून लिवा. ज्याला पाहिजे तो तिकडनं जाईल, माजं काय म्हननं न्हाई. पन मला न सांगता मला जितवू नका. मी तुमच्या खेळात जितायला येत न्हवते. मी खरं मरायला येत व्हते."

मैदानात हसू फुटलं, पण चांगलं हसू. मी तेवढ्यावर थांबणार नव्हते. "ती साथ काढा," मी म्हणाले. "आत्ता. हितंच. आन् त्याला सांगा, मला मारायला."

जयराजनं सॅक उघडली, स्वतःचा जुनाट लॅपटॉप काढला, टेबलावरची वायर ओढून त्याला लावली. कंपनीचा एक माणूस पुढं आला आणि काहीतरी म्हणाला. जयराजनं त्याला हातानंच थांबवलं. "माझ्याकडच्या प्रतीत ती बंद करता येते," तो म्हणाला. "मी घरी तशीच खेळतो."

पडदा काळा झाला आणि पुन्हा रेडा आला. या वेळी त्यानं माती उकरली नाही. सरळ आला.

हा तोच होता. मला पहिल्या दोन पावलांत कळलं. मी उजवीकडं गेले, तो माझ्या आधी तिथं होता. मी गोळ्या झाडल्या, त्यातल्या चार लागल्या, मैदानानं जल्लोष केला. मी त्याच्या पोटाखालून निसटले तेव्हा हलगीवाला आपणहून वाजवायला लागला. माझे हात घामानं ओले झाले होते आणि मी हसत होते, मला थांबवता येत नव्हतं. मग मी वळायला एक क्षण उशीर केला. शिंग बसलं.

पडदा काळा. त्यावर साधी पांढरी अक्षरं. कंपनीची ती 'छान प्रयत्न' वाली नाही. जयराजनं स्वतःच्या प्रतीत जुनीच ठेवली होती.

'मेलीस. पुन्हा वरून.'

मैदान असं उसळलं की मला वाटलं माझ्यामागं दुसरंच काहीतरी झालं असावं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. वीरधवल फेटा घेऊन तसाच उभा होता. तो आता बांधायचा की नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आबांनी त्याच्या हातावरून फेटा काढून घेतला आणि माझ्यापुढं आले. त्यांचे डोळे भरले होते. मैदानात मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"आबा," मी म्हणाले, "हरले की मी."

"व्हय," ते म्हणाले. "सगळ्या गावानं बगितलं. डोकं खाली कर."

त्यांनी फेटा बांधला. दोन्ही कान बाहेर ठेवून, नीट. मग ते मातीकडं गेले आणि पहिली जोड पुकारली. मी कंट्रोलर उचलला आणि जयराजला म्हणाले, "लावा परत."